बडोद्याहून परदेशात नव्या, श्रीमंत घरी जाणारं पंधरा-सोळा वर्षांचं मूल: जायच्या आधीपासून पहिल्या वर्षापर्यंत काय काय करायचं

माझा भाचा न्यू जर्सीला गेला तेव्हा १५ वर्षांचा होता. ताईचं दुसरं लग्न. पहिले भाऊजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, दांडिया बाजारात आईच्या घरी राहून, नोकरी करून ताईने एकटीने त्याला वाढवला, आणि मग ओळखीतून तिकडचे एक पटेल, मूळ गुजरातमधल्या चरोतर भागाचे, तीन मोटेल, मोठं घर, आधीच्या लग्नाची दोन मुलं, असं स्थळ आलं आणि माणूस खरंच चांगला निघाला. म्हणजे छळाची वगैरे ही गोष्ट नाही. तरी पहिल्या दोन महिन्यांत पोरगं इतकं वाळलं की व्हिडिओ कॉलवर माझ्या आईला रडू आलं. घरात दोन-दोन फ्रिज भरलेले आणि हा वाळतोय कसा, ताईला काही कळेना. मग एकदा रात्री त्याने मला फोन केला आणि म्हणाला, "मावशी, भूक लागली तरी मला फ्रिज उघडता येत नाही गं."

कुलूप नव्हतं, कुणी नको म्हटलं नव्हतं. पण विचारल्याशिवाय उघडायचा कसा आणि रोज रोज विचारायचं तरी किती, म्हणून तो बॅगेतला लीलो चेवडा आणि भाकरवडी रात्री खोलीत बसून खायचा, आणि ते संपल्यावर तेही बंद. बाथरूममध्ये पांढरेशुभ्र जाड टॉवेल घडी करून ठेवलेले होते ते त्याला शोभेचे वाटले, म्हणून तीन आठवडे बडोद्याहून नेलेला एकच पंचा वापरला, तोही कुणाला दिसू नये म्हणून खोलीतल्या खुर्चीच्या पाठीवर वाळत घालून.

तो त्या घरात पाहुणा म्हणून राहत होता. मला तेव्हा जे समजलं ते हे, की श्रीमंत घरात पाहुणेपण लवकर सुटत नाही. आपल्याकडे नवीन मूल घरात आलं की दोन दिवसांत त्याला कुणीतरी म्हणतं, "जा रे, कोपऱ्यावरून दही घेऊन ये", आणि ते दही आणतं आणि घरचं होऊन जातं. तिकडे भांडी मशीन घासतं, सफाईला आठवड्यातून एकदा बाई येते, दही दुसऱ्या फ्रिजमध्ये चार डबे असतं, त्याच्याकडून कुणाला काहीच नको असतं. सगळे त्याला देतात, त्याच्याकडून कुणी काही घेत नाही, आणि मग ते मूल आभार मानून मानून थकतं.

नंतर आमच्या ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मला विचारलं, कुणाच्या बहिणीचं लग्न, कुणाची भाची, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतेय. उदाहरण अमेरिकेचं आहे कारण मला तिथलं माहीत आहे, व्हिसाचा भाग सोडला तर बाकीचं लंडनला जा नाहीतर टोरोंटोला, लागू पडेल.

आधी कागद, आणि कागदांत पहिली तारीख

सावत्र वडील अमेरिकन सिटीझन असतील तर सावत्र मुलाला नेता येतं, पण लग्न मुलाला १८ पूर्ण व्हायच्या आत झालेलं पाहिजे. १८ नंतर लग्न झालं तर त्या कायद्यात तो सावत्र मुलगा धरलाच जात नाही. त्यामुळे "पोराची बारावी होऊ दे मग बघू" असं म्हणत असाल तर आधी जन्मतारीख बघा.

दुसरं, सिटीझनने अर्ज करताना बायकोचा आणि मुलाचा आय-१३० फॉर्म वेगवेगळा भरावा लागतो. आईच्या अर्जात मूल आपोआप येत नाही. हे आम्हाला वेळेवर कळलं म्हणून वाचलो, एका कुटुंबात आईचा व्हिसा पुढे गेला आणि मुलाचा अर्ज भरलेलाच नव्हता, ते पोर आठ-नऊ महिने आजीकडे थांबलं आणि त्या आठ-नऊ महिन्यांत त्याच्या मनात काय काय आलं असेल याचा विचार करा. वडील सिटीझन नसून ग्रीन कार्डवाले असतील तर नियम वेगळा आहे, तिथे मूल आईच्या अर्जासोबत जाऊ शकतं, पण रांग लांब असते.

जमवायचे कागद: जन्माचा दाखला कॉर्पोरेशनचा, म्हणजे खंडेराव मार्केटच्या ऑफिसातून, आणि त्यात मुलाचं नाव लिहिलेलं आहे का ते उघडून बघा, कारण जुन्या दाखल्यांत कितीदा नावाची जागा कोरी असते. पहिले वडील वारले असतील तर मृत्यूचा दाखला. घटस्फोट असेल तर कोर्टाचा हुकूम आणि मुलाचा ताबा आईकडे आहे हे ज्यात लिहिलंय तो कागद, शिवाय वडिलांचं लेखी ना-हरकत मिळत असेल तर तेही घ्याच. १६ किंवा त्यापुढचं वय असेल तर पोलीस क्लिअरन्स लागतं, आणि अर्ज चालू असताना पोराला १६ लागू शकतात हे लक्षात ठेवा. इंटरव्ह्यू मुंबईला, त्याआधी मेडिकल. लहानपणीचं लसीकरणाचं पिवळं-गुलाबी जे काय कार्ड असेल ते शोधून ठेवा, ते व्हिसालाही लागतं आणि तिकडच्या शाळेलाही लागतं. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते त्यामुळे टीबीची कातडीवरची टेस्ट उगाच पॉझिटिव्ह दिसू शकते, तिकडे कुणी टेस्ट करायला सांगितलं तर बीसीजी झालीय असं सांगायचं आणि रक्ताची टेस्ट मागायची.

नावाचं एक सांगते. गुजरात बोर्डाच्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं. तिकडच्या शाळेच्या कॉम्प्युटरने तेच पहिलं नाव समजून घेतलं आणि भाच्याला वर्गात सगळे सहा महिने आडनावाने हाक मारत होते, आणि हा लाजेने काही बोलला नाही. आधीच सगळं नवीन, त्यात स्वतःचं नावही हरवलं. शाळेत नाव घालतानाच पासपोर्ट दाखवून हे नीट करून घ्या.

अमेरिकेत शिरताना लग्नाला दोन वर्षं झाली नसतील तर ग्रीन कार्ड दोनच वर्षांचं मिळतं, ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत ही अट काढून घ्यायचा आय-७५१ फॉर्म भरायचा असतो, त्यात मुलाचंही नाव घालायचं. आणि सावत्र वडील सिटीझन आहेत म्हणून मूल सिटीझन होत नाही. आई सिटीझन झाली आणि मूल तेव्हा १८ च्या आत असून तिच्याजवळ राहत असेल, तर होतं. आईला सिटीझन नवऱ्याबरोबर राहून ग्रीन कार्डची तीन वर्षं काढावी लागतात, म्हणजे १५ वर्षांच्या पोराच्या बाबतीत हे हुकण्यासारखंच आहे. मग त्याला त्याची स्वतःची पाच वर्षं मोजावी लागतात. हे त्याला आधीच सांगा, नाहीतर घरात सगळ्यांचे निळे पासपोर्ट आणि माझा एकट्याचाच वेगळा, असं त्याला एअरपोर्टवर कळतं.

आणि "काकाने दत्तक घेतलं की झालं" असं ज्यांना कुणी सांगितलं असेल त्यांनी तो विचार वकिलाशी बोलल्याशिवाय करू नका. हिंदू दत्तक कायद्यात मूल १५ च्या आतलं लागतं, अमेरिकेच्या इमिग्रेशनला सर्वसाधारणपणे दत्तकविधान १६ च्या आत झालेलं लागतं, आणि दोन देशांमधलं दत्तक असेल तर 'कारा' या केंद्र सरकारच्या दत्तक संस्थेमार्फत जावं लागतं. नातेवाइकाच्या घरी होमहवन करून आणि स्टॅम्प पेपर करून व्हिसा मिळत नाही.

कधी न्यायचं

आपली शाळा जूनमध्ये सुरू होते, न्यू जर्सीत सप्टेंबरच्या सुरुवातीला. जुलैच्या शेवटी किंवा ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पोचलं तर मुलाला चार आठवडे घर समजायला मिळतात आणि मग शाळा. वर्षाच्या मध्ये, डिसेंबर-जानेवारीत नेऊ नका, शक्य असेल तर. बर्फ, साडेचार-पाचला अंधार, आणि वर्गात सगळ्यांचे ग्रुप आधीच बनलेले.

फार लवकर, मेमध्ये नेलं तरी त्रास, कारण तिकडे जूनच्या शेवटी शाळा बंद होतात आणि मग दोन महिने मूल त्या मोठ्या घरात एकटं फिरत बसतं. बाहेर रिक्षा नाही, चालत जाण्याजोगं काही नाही. हा इथे सायकल काढून सुरसागरला चक्कर मारून यायचा, न्यायमंदिरजवळ मित्रांबरोबर शेव-उसळ खायचा आणि कुणाला विचारायचा नाही. तिकडे दुधाची पिशवी आणायची तरी कुणाला तरी गाडी काढायला सांगावी लागते. न्यू जर्सीत १६ ला ड्रायव्हिंग स्कूलमार्फत शिकाऊ परमिट मिळतं आणि १७ ला एकट्याने चालवता येणारं प्रोबेशनरी लायसन्स. १६ लागले की लगेच परमिटचं बघा, हे लाडाचं काम समजू नका, ते त्याचं स्वातंत्र्य आहे.

निघायच्या आधी चार गोष्टी बोलून ठरवायच्या

या चारही गोष्टी मोठ्यांनी गृहीत धरलेल्या असतात आणि मुलाला कुणी विचारलेलं नसतं. आई, नवे वडील आणि मूल, तिघांनी व्हिडिओ कॉलवर बसून बोला. मावशी-मामा-आजी नकोत त्यात.

हाक काय मारायची. "आजपासून पप्पा म्हण" असं कधीही सांगू नका. ज्याचे वडील वारलेत त्याच्यासाठी तो शब्द भरलेला आहे. भाच्याने स्वतःच 'काका' ठरवलं, ते मराठीतही चालतं आणि गुजरातीतही, आणि त्या माणसाने ते मोकळ्या मनाने घेतलं. तुमच्याकडे आणखी काही असेल, पण निवड मुलाची. आडनावही तसंच, बदलायची घाई नको, बदललं तर सगळे कागद परत बदलावे लागतात ते वेगळंच.

पहिल्या वडिलांचा फोटो. हा विषय कुणी काढत नाही. ताईला वाटत होतं की नव्या घरात तो लावणं बरं दिसणार नाही, आणि भाचा फोटो बॅगेत कपड्यांच्या खाली, स्वेटरमध्ये गुंडाळून घेऊन गेला होता. चार महिने तो फोटो कपाटातच होता. काकांना मोज्यांचा खण उघडताना तो दिसला. ते काही बोलले नाहीत, संध्याकाळी हातोडी आणि खिळा घेऊन त्याच्या खोलीत आले आणि "क्यां लगावशुं?" म्हणजे कुठे लावूया, एवढंच विचारलं. त्या दिवसानंतर घरात बरंच बदललं असं ताई म्हणते. पण चार महिने कशाला वाट बघायची, फोटो कुठे लावायचा हे आधीच ठरवा. आणि पितृपक्षात त्या तिथीला मूल काय करेल, हेही. आम्ही इथे पान वाढतो तेव्हा त्याला कॉलवर घेतो.

जेवण. आमच्याकडे रविवारी मटण असतं, त्या घरी स्वामिनारायणचं, कांदा-लसूणही नाही. दोन्ही बाजूंना यात अपमान वाटू शकतो. त्यांनी असं ठरवलं की घरातल्या स्वयंपाकघरात त्यांचा नियम, बाहेर त्याला हवं ते, आणि बाहेर खाल्लं तर लपवायचं नाही. 'लपवायचं नाही' हा भाग महत्त्वाचा आहे, कारण मूल एकदा छोट्या गोष्टी लपवायला लागलं की मोठ्याही लपवतं.

आणि चौथी, खोली. त्याची स्वतःची आहे का, दार लावलं तर चालेल का, भिंतीवर काही लावता येईल का. इंटिरियर डिझायनरने केलेली 'गेस्ट रूम' द्यायची असेल तर निदान चादर आणि टेबल त्याला निवडू दे. नाव गेस्ट रूम असेल तर तेही बंद करा, घरात सगळे "गेस्ट रूममध्ये ठेव" म्हणत राहिले तर तो आणखी काय समजणार?

पोचल्यावर पहिले पंधरा दिवस

नव्या घरच्यांनो, पोर आलं की घर दाखवताना "हे बघ किती मोठं आहे" असं दाखवू नका, वापरायचं कसं ते दाखवा. फ्रिज उघडून दाखवा, त्याच्या हातानेच काहीतरी काढायला लावा. टॉवेल कुठले, वापरलेले कुठे टाकायचे, वॉशिंग मशीन आणि ड्रायर, गीझर नाही तर गरम पाणी कसं येतं, शॉवरचा तो एकच दांडा कुठे फिरवायचा, थर्मोस्टॅटला हात लावायचा की नाही, दाराच्या अलार्मचा कोड, कचरा कुठल्या डब्यात कुठला. अलार्मचा कोड पहिल्याच दिवशी द्या. भाचा अलार्म वाजेल या भीतीने मागच्या अंगणात जात नव्हता, आणि अंगण हीच एक जागा होती जिथे त्याला बरं वाटलं असतं.

त्याच्या वाटची एक फळी ठेवा, फ्रिजमध्ये आणि किचनच्या कपाटात. "सगळं तुझंच आहे" हे वाक्य मुलाला काही सांगत नाही. 'ही फळी तुझी, इथलं संपलं की लिस्टवर लिही' हे सांगतं. ताईने फोननंतर हेच केलं आणि आठवड्याभरात तो खायला लागला.

आणि तू, जो किंवा जी जातेयस, तुझ्यासाठी: पहिल्या आठवड्यात दिवसाला एक प्रश्न विचार, एकच. "हे कसं चालवतात?" असा साधा. तुला न येणं म्हणजे गावंढळपणा नाही, त्यांनाही आपला प्रेशर कुकर लावता येत नसेल कदाचित. रात्री झोप येणार नाही, घड्याळ उलटं असतं, दुपारी चारला डोळे मिटतील. उन्हात जा सकाळी. आणि रडायला आलं तर रड, आईसमोर सुद्धा, ती स्वतःही नवीनच आहे त्या घरात आणि तिला वाटतं की तू खूश आहेस म्हणून ती गप्प आहे.

एक काम त्याचं स्वतःचं

हे सगळ्यात जास्त मनापासून लिहितेय. मुलाला घरातलं एक काम द्या, जे त्याने नाही केलं तर घराचं अडेल. खोटं काम नको, "तुझी खोली आवर" हे काम नाही. भाच्याकडे आधी कचऱ्याचे डबे आले, तिकडे ठरलेल्या वारी रात्री डबे रस्त्याच्या कडेला नेऊन ठेवावे लागतात, विसरलं तर आठवडाभर कचरा घरात. मग रविवार सकाळचा चहा त्याच्याकडे आला, आपला आल्याचा, उकळलेला. काकांच्या मुलीला तो आवडायला लागला. एका रविवारी हा झोपून राहिला तर खालून तिची हाक आली, "चाय क्यां छे?" आणि त्याने मला मेसेज केला की मावशी ती मला ओरडली, आणि सोबत हसरा चेहरा. ओरडली म्हणून खूश होता पोरगा. पाहुण्याला कुणी ओरडत नाही.

पण काम म्हणजे फुकटचा नोकर नाही. मोटेलच्या खोल्या साफ करायला रोज बसवलं, शाळेच्या दिवशी रात्री काउंटरवर उभं केलं, धाकट्या भावंडाला सांभाळण्यासाठी शाळेच्या अॅक्टिव्हिटी सोडायला लावल्या, तर ते चुकीचं आहे आणि आईने तिथे बोललंच पाहिजे. कुटुंबाचा धंदा असतो तिथे ही सीमा हळूहळू सरकते. घरातल्या बाकीच्या मुलांना जेवढं काम तेवढंच यालाही, असं माप ठेवा.

बडोद्यात राहून सयाजीरावांची आठवण आल्याशिवाय राहत नाही. कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गोपाळराव, १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतला तेव्हा १२ वर्षांचा, लिहिता-वाचता येत नव्हतं. एकदम राजवाडा. आपण गोष्ट सांगताना तिथून उडी मारून थेट सक्तीच्या शिक्षणावर येतो, पण मध्ये सहा वर्षं गेली, राज्याचे अधिकार हातात आले ते डिसेंबर १८८१ ला. सहा वर्षं त्यांना शिकायला दिली, इलियटसारखा शिक्षक दिला, दिवाण माधवरावांनी तोवर कारभार पाहिला. एवढ्या हुशार मुलालाही सहा वर्षं लागली तर आपल्या पोराला निदान दोन तरी द्या. दिवाळीपर्यंत रुळला पाहिजे अशी तारीख लावू नका.

पैसा

आईने मुलाला प्रत्येक वस्तूमागे "थँक यू म्हण काकांना" असं टोकणं बंद करायला पाहिजे. एकदा म्हटलं, झालं. बूट घेतले थँक यू, जॅकेट घेतलं थँक यू, लॅपटॉप घेतला थँक यू, मग एक दिवस मूल म्हणतं मला काहीच नको, आणि सगळ्यांना वाटतं किती गुणी आहे. ते गुणी नसतं, त्याला ओझं झालेलं असतं.

आठवड्याचा ठरलेला पॉकेटमनी द्या, बाकीच्या मुलांना जो नियम तोच. त्याचा हिशेब मागू नका. बँकेत आई-वडिलांपैकी एकाबरोबर जॉइंट टीन अकाउंट उघडता येतं, ते उघडा म्हणजे शाळेच्या ट्रिपला दर वेळी हात पसरावा लागणार नाही. आणि तू, डॉलरचे रुपये करणं सोड. तीन महिने तरी मनात गुणाकार होतच राहतो आणि पिझ्झाचा घास घशात अडकतो, पण तिकडचा खर्च तिकडच्या कमाईतून होतो. महाग वाटतंय म्हणून शाळेच्या जेवणाला पैसे न मागणं असं करू नकोस, भाच्याने केलं.

बडोद्याच्या नातेवाइकांना हात जोडून सांगते, मुलाकडे आयफोन, परफ्यूम, चॉकलेटं मागू नका. त्याला ते नव्या वडिलांकडे मागावं लागतं. आमच्याकडे एकाने त्याला थेट मेसेज करून घड्याळ मागितलं होतं, आणि पोरगं दोन दिवस आईशी बोललं नाही.

शाळा

इकडे नववीच्या मार्कशीटला कुणी विचारत नाही, दहावीचं बोर्ड तेवढं खरं. तिकडे हायस्कूल नववी ते बारावी असतं आणि नववीपासूनचे मार्क कॉलेजपर्यंत सोबत जातात. म्हणून नववीची मार्कशीट शाळेच्या शिक्क्यासह, दहावीची ओरिजिनल, लिव्हिंग सर्टिफिकेट, आणि जमलं तर कुठल्या विषयात काय काय शिकवलं त्याचा अभ्यासक्रम इंग्रजीत, हेडमास्तरांच्या सहीने. निघाल्यावर हे मिळवणं फार कठीण जातं. मी इथून चार चकरा मारल्या.

नाव घालताना घरात कुठली भाषा बोलता याचा फॉर्म असतो, खरं लिहा, मग इंग्रजीची टेस्ट होते. त्यात मदतीचा वर्ग दिला तर घ्या. गुजराती-मराठी मिडियमच्या मुलाला तो लाजेचा वाटतो, पण भाच्याला पहिले दोन मित्र त्याच वर्गात मिळाले. गणितात आपली मुलं पुढे असतात, तर वरच्या लेव्हलचं गणित मागा, शाळा स्वतःहून देईलच असं नाही. गायडन्स काउन्सिलर म्हणून एक व्यक्ती असते, विषय निवडण्यापासून मन मोकळं करण्यापर्यंत तीच, पहिल्या आठवड्यात आईने जाऊन भेटावं आणि नवीन घर, नवीन वडील हे स्पष्ट सांगावं. न्यू जर्सीत घर शाळेपासून अडीच मैलांपेक्षा लांब असेल तर हायस्कूलला पिवळी बस मिळते. काका मोठ्या गाडीने सोडतो म्हणाले तरी बसनेच जाऊ दे, ओळखी बसमध्ये होतात.

बऱ्याच खेळांच्या टीमच्या निवडी ऑगस्टमध्येच होतात हे माहीत नव्हतं आम्हाला, एक वर्ष वाया गेलं. म्हणूनही लवकर पोचा.

मराठीसाठी तिकडे महाराष्ट्र मंडळं आहेत, बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, ठिकठिकाणी मराठी शाळा चालतात. मोठ्या मुलांना तिथे शिकवायला मदतनीस म्हणून घेतात का ते विचारा. गुजराती घरात राहणाऱ्या बडोद्याच्या मराठी मुलाला महिन्यातून एक दिवस तरी आपल्या भाषेत उपयोगी पडायला मिळावं.

तिकडची भावंडं

त्यांच्या बाजूने बघा जरा. त्यांच्या घरात, त्यांच्या वडिलांच्या आयुष्यात कुणीतरी आलंय, आणि त्यांना कुणी विचारलं नसेल. काकांची दोन मुलं एक आड एक वीकेंडला त्यांच्या आईकडे जातात. म्हणजे ती दोघं बॅगा घेऊन निघाली की घर एकदम रिकामं, आणि परत आल्यावर एक दिवस ती गप्प गप्प असतात. भाच्याला वाटायचं आपल्यावर राग आहे. ताईने नंतर समजावलं की त्यांनाही दर पंधरा दिवसांनी घर बदलावं लागतं. हे त्याला कळल्यावर त्याचा सूरच बदलला.

एकत्र फोटो, एकसारखे कपडे, "आता तुम्ही भाऊ-बहीण" असं पहिल्याच राखीला करू नका. एक व्हिडिओ गेम किंवा पत्त्यांचा डाव खूप आहे. तुलना करू नका, मार्कांची तर अजिबात नको, आणि ती दोन्ही बाजूंनी होते. आपल्याकडचे म्हणतात आमचा हुशार आहे, त्यांची आळशी आहेत. मुलांपर्यंत ते पोचतं.

बडोद्याचा फोन

आजी रोज फोन करते आणि पहिला प्रश्न "जेवलास का, काय जेवलास, तुला तिथे आवडतं का?" तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मूल देऊ शकत नाही. आवडतं म्हटलं तर आजीला वाईट, नाही म्हटलं तर आईला. तो प्रश्न बंद करा. त्याऐवजी इथलं सांगा, समोरच्या काकूंनी गॅलरी रंगवली, सयाजीबागेत गर्दी होती, तुझा मित्र पास झाला. त्याला त्याच्या गल्लीत थोडं फिरवून आणा.

रोज नको, आठवड्यातून दोनदा ठरलेल्या वेळी. उन्हाळ्यात आपण साडेनऊ तास पुढे असतो आणि थंडीत साडेदहा, मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांचं घड्याळ बदलतं, तेव्हा कॉलची वेळही बदला नाहीतर पोर वाट बघत बसतं.

गंभीर गोष्ट

चांगल्या घराचं मी सांगितलं, पण सगळी घरं तशी नसतात आणि पैसा बघून आपण चौकशी कमी करतो. मुलाचा पासपोर्ट आणि ग्रीन कार्ड आईच्या ताब्यात असावं, फोटो इथे मावशी-मामाकडे. एक साधा शब्द ठरवून ठेवा जो फोनवर बोलला की आपण समजायचं, बोलायला अडचण आहे. आमचा शब्द होता एका जुन्या शिक्षिकेचं नाव, सुदैवाने कधी लागला नाही.

मूल एकदम बोलायचं थांबलं, झोप गेली, कुणी अंगाला हात लावतं, मारतं, खोलीत कोंडतं, तर: जिवाला धोका असेल तर ९११. मन फार खचलं असेल, जीव नकोसा वाटत असेल तर ९८८, फोन किंवा मेसेज, २४ तास. मुलांवरच्या अत्याचारासाठी चाइल्डहेल्पचा नंबर १-८००-४२२-४४५३. शाळेत काउन्सिलरला सांगितलं तर त्यांना ते कायद्याने पुढे कळवावंच लागतं, ते "घरातच मिटवा" म्हणून परत पाठवू शकत नाहीत. हे नंबर मुलाला निघायच्या आधी पाठ करून द्या, आणि आईलाही. 'व्हिसा जाईल' या भीतीने गप्प बसू नका, नवरा सिटीझन असून छळ करत असेल तर बायको आणि सावत्र मूल त्याच्या मदतीशिवाय स्वतः अर्ज करू शकतात, तसा तिकडचा कायदा आहे.

परत येणं

हायस्कूलची चार वर्षं मूल गणपतीला येऊ शकत नाही, नवरात्रीला नाही, उत्तरायणला म्हणजे संक्रांतीला नाही. ख्रिसमसची सुट्टी दहा-बारा दिवसांची असते आणि तिकिटं तेव्हाच सगळ्यात महाग. खरी सुट्टी जूनच्या शेवटापासून ऑगस्टपर्यंत, म्हणजे इथे पाऊस आणि मित्रांची शाळा चालू. हे आधी सांगा, "येशील रे दिवाळीला" असं सांगून पाठवू नका. पहिली ट्रिप वर्षाच्या आत करा, निदान तीन आठवडे, आणि त्यातला पहिला आठवडा कुणाकडे जेवायला नेऊ नका, त्याला त्याच्या कॉटवर झोपू दे.

१४ जानेवारीला आम्ही धाब्यावर, म्हणजे गच्चीवर, पतंग उडवत असतो तेव्हा त्याची शाळा असते. इथे संध्याकाळचे सहा म्हणजे तिकडे सकाळचे साडेसात, तो बसमध्ये. त्या वेळेला मी फोन पतंगांकडे धरून नुसती उभी राहते, बोलत नाही. गेल्या वर्षी त्याने फोन शेजारच्या मुलाला दाखवला आणि दोघं मिळून बघत होते. पतंग कापला गेला की आमच्या धाब्यावरून ओरडा व्हायचा आणि मागून त्याचं ऐकू यायचं, इंग्रजीत त्या मुलाला सांगत होता की हे माझं घर, तो निळा आमचा, आणि जो आत्ता कापला तो समोरच्या काकूंचा.